अस्थियामिकीतील प्रकाशतंतू संवेदक

भार पडल्यावर हाड किती ताणले वा दाबले जाते, हे मोजण्यासाठी त्यावर चिकटवलेला किंवा त्यात बसवलेला काचतंतूचा संवेदक. मुख्य प्रकार ब्रॅग जालक. तंतूच्या गाभ्यात काही मिलिमीटरांपुरता अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते त्याचे माप) ठरावीक अंतराने कमीजास्त केलेला असतो व तेथून एकच तरंगलांबी परत फिरते. हाड ताणले की ती सरकते. १,५५० नॅनोमीटरच्या आसपास दर मायक्रोस्ट्रेनला (लांबीतील दशलक्षांश बदलाला) सुमारे १.२ पिकोमीटर. तंतूची जाडी बाह्यलेप सोडून १२५ मायक्रोमीटर असते.

जालकाच्या उगमाचे वर्ष दोन प्रकारे दिले जाते: १९७८ व १९८९. नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्या क्ष-किरण परावर्तनाच्या नियमावरून (१९१२) आले. तंतूशी त्यांचा संबंध नाही. १९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल व सहकारी जर्मेनियमयुक्त तंतूत आर्गन लेसरचा प्रकाश सोडत असता परावर्तन हळूहळू वाढत गेले. जाणारा व टोकावरून परतणारा प्रकाश मिळून झालेले स्थिर तरंग काचेत उमटले होते. मात्र हे जालक लिहिणाऱ्या प्रकाशाच्याच तरंगलांबीला प्रतिसाद देई. १९८१ मध्ये लॅम व गार्साइड यांनी परिणाम प्रकाशशक्तीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे दोन फोटॉनांची (प्रकाशकणांची) एकत्रित क्रिया असावी, असे दाखवले. आर्गन लेसरच्या ४८८ नॅनोमीटरची निम्मी तरंगलांबी २४४, म्हणजे तिच्या एकाच फोटॉनात त्या दोघांची ऊर्जा; त्याच अतिनील प्रकाशाने १९८९ मध्ये मेल्ट्झ व सहकाऱ्यांनी बाजूने जालक लिहिले आणि हवी ती तरंगलांबी निवडता येऊ लागली. शोधाचे श्रेय १९७८ चे असले, तरी संवेदकाचा आरंभ १९८९ पासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

जालक तापमानालाही प्रतिसाद देते. एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर, म्हणजे आठेक मायक्रोस्ट्रेनचा आभास. रुग्णाला दोन अंश ताप चढला तरी नोंद हलते. म्हणून शेजारी भार न पडणारे दुसरे जालक ठेवतात. विद्युत-विकृतिमापकापेक्षा (विकृती, म्हणजे भाराने होणारा लांबीतील बदल, विजेने मोजणाऱ्या साधनापेक्षा) तंतू बारीक, त्यात वीज नसते, चुंबकीय क्षेत्राचा अडथळा नसतो आणि एकाच तंतूवर अनेक जालके बसतात. चिकटवण्यापूर्वी मात्र अस्थिआवरण खरवडावे लागते. त्यामुळे बहुतेक प्रयोग मृत शरीरातील वा प्राण्यांच्या हाडांवर झाले आहेत. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत कॅल्शियम काढलेल्या हाडांवर असे मापन झाले.

ग्रामीण विदर्भाच्या दृष्टीने विषयाचे महत्त्व प्रतिमा व बळ यांतील फरकात आहे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा (लिटरला कमाल १.५ मिलिग्रॅम) अधिक आढळते. अशा पाण्याने होणाऱ्या अस्थिफ्लोरोसिसमध्ये क्ष-किरण चित्रात हाड घट्ट दिसते, पण ते ठिसूळ झालेले असू शकते. गडचिरोलीकडील काही सिकलसेल रुग्णांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरतो. प्रारंभी साध्या चित्रात काहीच दिसत नाही. घनता पाहून बळ ठरवण्याची सवय येथे फसते.

मोडलेल्या हाडाबाबतही हेच. बांबूच्या कामट्या बांधणारा हाडवैद हाताने चाचपतो, डॉक्टर क्ष-किरण फोटोतला जोड पाहतो. कापूस वेचणाऱ्या मजुराला पाय टेकून वावरात कधी जाता येईल, हे दोघेही अंदाजानेच सांगतात. मोडलेले हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर जालक बसवल्यास हाड जुळत जाते तसा पट्टीवरील भार हाडाकडे जातो व तिची विकृती उतरत जाते.