नौकानयनाचे मराठी शब्द : अर्थ आणि उगम

होडी, नाव, गलबत, त्यांचे भाग, त्यांवर राबणारी माणसे, त्यांना लागणारा वारा आणि विसाव्याचे बंदर यांसाठी मराठीत रुळलेला शब्दसमूह. त्याचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. नदी ओलांडण्याचे शब्द बहुतेक संस्कृतातून आलेले आहेत, काही शेजारच्या कन्नडाशी नाते सांगणारे. भर दर्यात जाण्याचे शब्द मात्र मोठ्या प्रमाणावर अरबी-फारसीतून आले. त्यांत पुढे पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांची भर पडली. हे दोन्ही प्रवाह ज्या मोजक्या ठिकाणी एकत्र भेटतात त्यांत कोल्हापूर येते. पंचगंगेकाठचे हे शहर सह्याद्रीच्या अलीकडे, देशावर वसलेले असले तरी कोल्हापूर राज्याला १८१२ पर्यंत स्वतःचा किनारा होता आणि स्वतःचे आरमारही होते.

नदीचे शब्द आधी पाहू, कारण ते जास्त जुने आणि जास्त खोलवर मुरलेले आहेत. संस्कृतातील ‘तॄ’ म्हणजे पार होणे, पाण्यावर राहणे. या एका धातूपासून तरणे, तारणे, तीर, तर (नदी ओलांडण्याची नाव किंवा तिची जागा) आणि तारू हे शब्द आले. उतरणे म्हणजे मुळात पाण्यातून वर, काठावर येणे. म्हणून नावेतून पलीकडे जाणारा तो उतारू. आज एसटी स्टँडवर ज्याला आपण उतारू म्हणतो, त्याच्या नावात नदीचा काठ शिल्लक आहे. संतांनी संसाराला भवसागर आणि नामाला तारू म्हटले, ते ऐकणाऱ्याला लगेच उमजले. पावसाळ्यात ‘तर’ चुकली की बाजार चुकतो, हे त्याच्या रोजच्या अनुभवातले होते.

नाव हा शब्द तर संस्कृत ‘नौ’पासून थेट आलेला. फारसीत ‘नाव’, ग्रीकमध्ये ‘नाउस’, लॅटिनमध्ये ‘नाविस’ ही त्याची भावंडे. इंग्रजी ‘नेव्ही’ आणि ‘नेव्हिगेशन’ लॅटिनमार्गे त्याच घराण्यात येतात. ‘नेव्हिगेशन’ हा संस्कृत ‘नौगती’चा किंवा ‘नवगती’चा अपभ्रंश आहे, असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. तो बरोबर नाही. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, चालवणे. या दोन शब्दांपासून ‘नाविगारे’ झाले आणि त्यापासून ‘नेव्हिगेशन’. संस्कृत आणि लॅटिन या एका पूर्वज भाषेच्या दोन लेकी आहेत, एक दुसरीची आई नाही. खरे नाते आहे तेवढे पुरेसे थोर आहे, त्याला खोट्या वंशावळीची गरज नाही.

शिरोळ, कुरुंदवाड या भागात नाव चालवणाऱ्यांना आंबी म्हणतात आणि ते तिथले आडनावही आहे. कन्नडात नावाड्याला ‘अंबिग’ म्हणतात. बाराव्या शतकातील वचनकार (कन्नड भक्तिपर वचने रचणारे) अंबिगर चौडय्या हे व्यवसायाने नावाडीच होते. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात, आणि तिथे संगमावर दोन भाषाही शेजारी नांदतात. त्यामुळे हा शब्द मराठी बोलीत सहज आला.

सांगड या शब्दाचा प्रवास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोन होड्या किंवा दोन ओंडके शेजारी बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. पोहण्यासाठी बांधलेल्या सुक्या भोपळ्यांच्या जोडीलाही सांगड म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भारताच्या किनाऱ्यावर एकेका ओंडक्याच्या नौका एकत्र बांधून केलेल्या मोठ्या तारवांचे नाव ‘सांगारा’ असे दिले आहे. मल्याळममधील ‘चंगाडम’ आणि त्यावरून पोर्तुगीजांनी उचललेला ‘जांगाडा’ हे याच कुळातले. जवळजवळ दोन हजार वर्षे हा शब्द पाण्यावर आहे. मराठीने तो जमिनीवर आणला आणि आज ‘परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड’ न घालणारे भाषण सापडणे कठीण. त्या वाक्प्रचारात दोर आहे, दोन लाकडे आहेत आणि सुटले तर दोन्ही वाहून जाण्याची भीतीही आहे.

कर्णधार हा असाच दुसरा शब्द. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे कान आणि नावेचे सुकाणूही. ते धरणारा तो कर्णधार. कोल्हापुरात हा शब्द नावेपेक्षा शाहू स्टेडियमवर जास्त ऐकू येतो, कारण इथल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे चाहते कर्णधाराचे नाव झोपेतही सांगू शकतात.

नदीकाठचे साधन नेहमी होडीच असे असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस आटवण्याची पसरट लोखंडी कढई, नदी ओलांडायला आणि पुरात माणसे हलवायला वापरत आले आहेत. तिला ना नाळ (नावेचे पुढचे टोक), ना सुकाणू, त्यामुळे ती पाण्यावर गोल फिरते आणि बांबूने किंवा दोराने दिशा द्यावी लागते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की बातम्यांत ‘यांत्रिक बोट’ हा शब्द येऊ लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तो गावोगावी माहीत झाला.

आता समुद्र. कोल्हापूरचा समुद्राशी संबंध फार जुना आहे. शहरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ज्या रोमन काशाच्या वस्तू सापडल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची मूर्ती आहे आणि ती टाऊन हॉल संग्रहालयात ठेवलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून घाट चढून आलेला व्यापार सातवाहन काळात इथवर पोचत होता. गगनबावड्याचा घाट उतरून पुढे खारेपाटण लागते. तिथे मिळालेल्या शिलाहार राजा रट्टराज याच्या १००८ सालच्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक नौकेमागे एक सुवर्ण गद्याण (त्या काळचे सोन्याचे नाणे) घ्यावा, असे दान नोंदवले आहे. पुढे मराठेशाहीची दोन राज्ये झाली तेव्हा मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरकडे राहिला. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी मालवण घेऊन किल्ल्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले आणि दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंच्या कारभारात तो परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण बंदर कायमचे गेले.

आरमाराविषयी मराठीत लिहिले गेलेले सर्वांत महत्त्वाचे गद्यही याच राज्यातले आहे. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात, १७१५ च्या सुमारास, बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्र’ या राज्यनीतीच्या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे वेगळे राज्यांगच आहे, असे सांगून ते म्हणते, ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, पावसाळ्यात आरमाराची छावणी दर वर्षी एकाच बंदरी करू नये, असे बारकावेही त्यात आहेत. तख्ते (फळ्या), सोट (लांब सरळ लाकडे) आणि डोलाच्या काठ्या यांसाठी लाकूड कुठून आणावे हे सांगताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू देऊ नये, कारण ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, ही आज्ञा येते. शब्दांच्या अभ्यासाला हा उतारा सोन्यासारखा आहे. आज आपण एका दमात ‘डोलकाठी’ म्हणतो. या उताऱ्यात ‘डोल’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि काठी वेगळी.

या प्रकरणातले शब्द चहूकडून आलेले आहेत. आरमार हे पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आले. गुराब हे अरबी. त्या भाषेत ‘घुराब’ म्हणजे डोमकावळा. पुढे झेपावणारी लांब चोच असलेली ही दोन-तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका १५० ते ३०० टनांची असे. गलबत त्यापेक्षा लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, दोन डोलकाठ्या आणि चाळीस-पन्नास वल्ही असलेले. वारा पडला की गलबते गुराबेला ओढून नेत. आंग्र्यांच्या लढाईचे हेच तंत्र इंग्रजांना जड गेले. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, त्यात दहा वर्ग आहेत आणि आरमाराला स्वतंत्र वर्ग नाही. दर्यावर राबणाऱ्या माणसांनी आपल्या तोंडचे अरबी-फारसी शब्द तसेच चालू ठेवले. माझ्या मते ते योग्यच झाले. वादळात ओरडून सांगायचा शब्द दहा जातींच्या आणि चार मुलखांच्या खलाशांना एकदम कळावा लागतो.

माणसांची नावे पाहिली की हे स्पष्ट होते. नाखवा हा कोळ्यांचा होडीमालक. फारसी ‘नाखुदा’चे, म्हणजे नावेच्या धन्याचे, हे मराठी रूप. सारंग हा ‘सरहंग’ म्हणजे सेनानी यावरून आला, म्हणून शिवाजी महाराजांच्या आरमारात ‘दर्यासारंग’ हा किताब दिसतो. दिशा दाखवणारा तो मालीम, अरबी ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक. तांडेल हा खलाशांचा मुकादम. हा शब्द मल्याळम, तेलुगू किनाऱ्यांवरही आहे आणि कोकणात आडनाव होऊन बसला आहे. खलाशी हा अरबी-फारसीतून आलेला शब्द रेल्वेच्या कारखान्यातही शिरला आणि तिथे पदाचे नाव झाला. या सगळ्यांत विलक्षण किताब कान्होजी आंग्रे यांचा. ‘सरखेल’मधील अरबी ‘खैल’ म्हणजे घोडे, घोडदळ. जमिनीवरच्या फौजेचा हुद्दा मराठ्यांनी समुद्रावरच्या सर्वांत मोठ्या सेनापतीला दिला आणि आज सरखेल म्हटले की आरमाराशिवाय दुसरे काही आठवत नाही.

नौकेच्या भागांत सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आले. कर्णधार संस्कृत, पण त्याच्या हातातले सुकाणू अरबी, ही मराठीची खरी प्रकृती. २०१७ च्या शेतकरी संपात ‘सुकाणू समिती’ हे नाव घरोघरी पोचले, तेव्हा तो शब्द घाटावरच्या ऊस-सोयाबीनच्या शेतकऱ्यालाही परका वाटला नाही. नांगराची गोष्ट गुंतागुंतीची आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’पासून, तर जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’शी जोडलेला. मराठीत दोन्हींचा उच्चार एक झाला, आणि दोन्हींचे काम जमिनीत रुतणे हेच असल्याने कुणाला ते खटकले नाही. लंगर हे रूपही मराठीत साखळीच्या अर्थाने टिकले. जेजुरीच्या खंडोबापुढे तोडतात तो लंगर बहुधा तोच. होकायंत्रातला ‘होका’ म्हणजे अरबी ‘हुक्का’, मूळ अर्थ डबी, पेटी. चुंबकसूई ठेवायची डबी ती होका. बंदर, किनारा, दर्या फारसी आहेत. जहाज, सफर, तुफान अरबी.

वाऱ्यांची नावे मात्र कोल्हापूरचे मूलही शाळेत शिकते, ‘खारे वारे आणि मतलई वारे’. दिवसा समुद्राकडून येतो तो खारा, रात्री जमिनीकडून वाहतो तो मतलई. खाऱ्याचे कारण उघड आहे. मतलईचे सहसा सांगितले जात नाही. अरबीत ‘मत्‌ला’ म्हणजे उगवण्याची जागा, म्हणून पूर्व दिशा. कोकणच्या किनाऱ्याला जमीन पूर्वेकडेच आहे, म्हणून पहाटे होड्यांना बाहेर दर्यात ढकलणारा वारा तो मतलई, हा अर्थ चपखल बसतो. गझलेचा पहिला शेर ‘मतला’ म्हणतात तोही याच शब्दाने. मोसम हाही अरबी, ठरलेला काळ या अर्थाचा. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोन्सांव’ केले, इंग्रजांनी ‘मान्सून’, आणि आज जूनमध्ये आकाशाकडे पाहणारा शेतकरी ‘मान्सून लागला का’ असे विचारतो तेव्हा तो अरबी नावाड्याचाच शब्द वापरत असतो.

इंग्रजीचा थर सर्वांत वरचा आणि पातळ. बोट, लाँच, डेक, कॅप्टन हे शब्द जसेच्या तसे आले. वाफेच्या जहाजाला मराठीने स्वतःच ‘आगबोट’ असे नाव घडवले आणि ते सुंदर आहे. इंग्रज लढाऊ जहाजाला एके काळी ‘मनवार’ म्हणत, तो शब्द आता मागे पडला. वेगाचे माप ‘नॉट’ म्हणजे शब्दशः गाठ. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी जहाजामागे सोडून ठरलेल्या वेळात किती गाठी सुटल्या ते मोजत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. रंकाळ्यावर फिरायला आलेले लोक मात्र नाव, होडी, ‘तर’ यांतले काही न म्हणता ‘बोटिंग’ म्हणतात.