छतावरच्या सोलरला सबसिडी मिळाली, पण हक्क कसा मिळाला?

छतावर सोलर बसवायला मदत देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आल्यापासून सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, सबसिडी किती मिळते? उत्तर सोपं आहे, पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅट बसवलं तरी कमाल ७८ हजार. पण मला मनापासून वाटतं की महाराष्ट्रात घरगुती सोलर जे काही उभं राहिलंय ते सबसिडीपेक्षा बिलातल्या एका नियमावर, नेट मीटरिंगवर, उभं राहिलंय, आणि तो नियम टिकला कारण लोकांनी वेळोवेळी हरकती घेतल्या. ही बाजू बातम्यांत फार येत नाही म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

आपल्याकडे सोलर आधी बाथरूममध्ये आलं, पाणी तापवायला. १९८२ मध्ये केंद्राने अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग काढला, १९८५ मध्ये राज्याची महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली, आणि सोलर बंब, सोलर कुकर असल्या गोष्टींना सरकारी मदत सुरू झाली. पुढे महापालिकाही यात उतरल्या. पुणे महापालिकेची मिळकतकरातली सवलत बऱ्याच जणांना माहिती असेल, सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यातलं एक केलं तर ५ टक्के, दोन किंवा जास्त केली तर १० टक्के. रक्कम लहान आहे पण दरवर्षी मिळते, आणि मला ही पद्धत एकरकमी सबसिडीपेक्षा चांगली वाटते कारण यंत्रणा चालू ठेवायला कारण राहतं.

वीज वाचवण्याचा कायदा सोलर बंबानंतरचा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्यातून १ मार्च २००२ ला बीईई म्हणजे केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झाला, २००६ पासून फ्रिज-एसीवर ते कमी वीज खाण्याचे स्टार दिसायला लागले, आधी ऐच्छिक, मग २०१० पासून काही उपकरणांना सक्तीचे. २०१५ च्या उजाला योजनेने तर एलईडी बल्बचा बाजारच बदलला, सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ मध्ये ४० रुपयांच्या खाली आला. घर बांधतानाच ते कमी तापावं यासाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली, २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट आणि त्यावरच्या जोडभाराच्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या, पण फ्लॅट घेताना बिल्डरला भिंतीच्या उष्णतारोधाबद्दल कोण विचारतं? अंमलबजावणी राज्यांवर सोडली की काय होतं ते आपण सगळे पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये मे महिन्यात अनुभवतोच.

आता मूळ मुद्दा. वीज कायदा २००३ ने वीजनिर्मितीला लायसन्सची अट काढली आणि राज्यांच्या वीज नियामक आयोगांवर अपारंपरिक ऊर्जेला प्रोत्साहन द्यायची जबाबदारी टाकली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं, २०१५ मध्ये त्याचं टार्गेट २० हजारवरून १ लाख मेगावॅट झालं, त्यातले ४० हजार मेगावॅट छतांवर. पण छतावर दुपारी तयार झालेल्या विजेचं करायचं काय, तेव्हा तर घरात माणूस नसतो. याचं उत्तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या सप्टेंबर २०१५ च्या नेट मीटरिंगच्या नियमांनी दिलं. जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, तेवढे युनिट खात्यात जमा, रात्री ग्रिडमधून घेतलेल्यातून ते वजा, उरले तर पुढच्या महिन्यात, आणि ३१ मार्चला जे शिल्लक राहतील त्याचेच काय ते पैसे, तेही बरेच कमी दराने. म्हणजे तुमच्या छतावरचा युनिट तुम्ही जो युनिट विकत घेतला असता त्याच्याच किमतीचा झाला. १०० युनिटच्या पुढे गेलं की आपल्याकडे वीज आकार दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे ज्यांचं बिल मोठं त्यांना सोलर आपोआप परवडायला लागलं. स्थिर आकार मात्र सुटत नाही, तो सोलर असलं तरी भरावाच लागतो.

वीज कंपन्यांना हे का खुपतं तेही समजून घ्यायला हवं, नुसती शिवीगाळ करून उपयोग नाही. जास्त वापर करणारा ग्राहक महाग वीज घेतो आणि त्या पैशातून शेतीपंप आणि कमी वापराच्या घरांची वीज स्वस्त ठेवली जाते, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. नेमका तोच ग्राहक सोलर बसवून बाहेर पडला तर भार उरलेल्यांवर येतो. शिवाय सोलरची वीज दुपारी येते आणि खरी ओढ संध्याकाळी असते, तेव्हा कंपनीला महाग वीज घ्यावी लागते. मुद्दा खोटा नाही. पण त्याचं उत्तर म्हणून दरवेळी घरगुती ग्राहकाचा नियमच बदलायला निघणं मला मान्य नाही, कारण लोक २५ वर्षांचा हिशोब करून, कधी कर्ज काढून पैसे गुंतवतात.

२०१९ मध्ये तेच झालं. आयोगाच्या नव्या मसुद्यात महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच नेट मीटरिंग ठेवायचं, बाकीच्यांना जमा युनिट वेगळ्या, कमी दराने, असा प्रस्ताव होता. ग्राहक संघटना, सोलर बसवणारे छोटे व्यावसायिक, सोसायट्या सगळ्यांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि ३० डिसेंबर २०१९ ला अंतिम नियम आले तेव्हा नेट मीटरिंग १ मेगावॅटपर्यंत शाबूत होतं, वर एका ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या क्षमतेच्या किती टक्के सोलर जोडता येईल ती मर्यादा ४० वरून ७० टक्के झाली. एका वर्षाने, ३१ डिसेंबर २०२० ला, केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम आले. स्वतः वीज तयार करणाऱ्या ग्राहकाचा हक्क देशपातळीवर पहिल्यांदा असा लिहिला गेला, पण त्यातच १० किलोवॅटच्या वर नेट मीटरिंग नाही अशी मेख होती. पुन्हा ओरड झाली आणि जून २०२१ मध्ये ती मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार (म्हणजे कनेक्शनला मंजूर झालेले किलोवॅट), जे कमी असेल ते, अशी झाली.

सबसिडीचा प्रवास त्यामानाने सरळ आहे. २०१९ मध्ये ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के, पुढे १० पर्यंत २० टक्के, जुलै २०२२ मध्ये अर्जासाठी नॅशनल पोर्टल, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सूर्यघरला ७५,०२१ कोटींची मंजुरी दिली, टार्गेट १ कोटी घरं. पण त्याच्या एक आठवडा आधी, २२ फेब्रुवारीला, ग्राहक हक्क नियमांत जी दुरुस्ती झाली ती माझ्या मते जास्त मोलाची आहे. १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा, लागला तर मंजूर भारही वाढवून द्यायचा, ५ किलोवॅटपर्यंत लाईन किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवायचा खर्च कंपनीने करायचा, आणि यंत्रणा सुरू करून द्यायची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवस. मीटरसाठी कोणी महिनोन्महिने खेटे घालायला लावत असेल तर हा नियम अर्जात लिहा, नाही ऐकलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत, वकील लागत नाही.

सोसायटीचं प्रकरण मात्र अजून अडकलेलंच. रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्यात गच्ची सामायिक जागेत मोडते, म्हणजे ती सगळ्यांची, म्हणून एकाला स्वतःचं पॅनल लावायचं तर सोसायटीचा ठराव लागतो आणि तिथे वरच्या मजल्यावरचे गळतीचं कारण काढतात. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्येच कायदा करून घरमालक संघटनांना सोलरवर अवास्तव बंधनं घालायला मनाई केली, तशी स्पष्ट तरतूद आपल्या सहकार कायद्यात असायला हवी. सध्या सोसायट्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी एकत्र सोलर बसवतात, त्याला किलोवॅटमागे १८ हजार मिळतात आणि मेंटेनन्स खरंच कमी होतो.

२०२५ च्या सुरुवातीला वाद पुन्हा पेटला. दिवसा तयार झालेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा व्हावी अशी मांडणी महावितरणने आयोगापुढे केली, २८ मार्चला दरांचा आदेश आला, त्याला लगेच स्थगिती, २५ जूनला फेरविचाराचा आदेश, मग कोर्ट. संध्याकाळचा वापर वजा होणार नसेल तर नोकरदार घराचं सगळं गणित बदलतं, त्यामुळे आयोगाची जाहीर सूचना आली की वाचायची आणि हरकत पाठवायची, दोन ओळींची असली तरी.

एका ठिकाणी मात्र नियम कितीही चांगला असून भागत नाही, तिथे सबसिडीच लागते. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेलं घर, त्याची वीज आधीच स्वस्त, मग पॅनलचा खर्च वसूल कधी होणार? त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये स्मार्ट योजना आणली, ५ लाख ग्राहक, ६५५ कोटी, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७,५०० रुपये. भाड्याने राहणाऱ्यांना मात्र यातलं काहीच नाही, कारण छप्पर मालकाचं आणि बहुतेक वेळा मीटरही त्याच्याच नावावर.