घरी गेलेले परतले, लॉजवरचे टिकले

आईचं तेरावं झालं त्या संध्याकाळी ताईनं एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत रेशनकार्ड, घरफाळ्याच्या पावत्या, गॅसचं पुस्तक आणि दादाच्या औषधांच्या चिठ्ठ्या. २६ वर्षांच्या, तारखेनं लावलेल्या, वर रबर. ताई इचलकरंजीला दिलेली, तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे वाटणीची चर्चा दोन वाक्यांत आटोपली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर सगळ्यांच्या नावावर राहील आणि दादा माझ्याकडे.

दादा ४९ वर्षांचा, मी ४३. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना सुरू झाला. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आसपासच डोकं वर काढतो, बायकांत थोडा उशिरा. पहिली चिठ्ठी मात्र त्यानंतर दोन वर्षांची आहे. मधली दोन वर्षं नरसोबाच्या वाडीच्या वाऱ्यांत गेली. आईबाबांना दोष देत नाही, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी तेच सुचवलं होतं. पण उपचाराविना जितका काळ जातो तितकं पुढे सावरणं अवघड होतं, हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. तीव्र मानसिक आजार असलेल्या चौघांतल्या साधारण तिघांना उपचार मिळत नसल्याचं त्यात दिसलं.

स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये पुढे आणला. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो आणि त्या 'छिन्न'मुळे लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नाही. विचार, भावना आणि अनुभव यांची एकमेकांशी असलेली शिवण उसवते, एवढाच त्याचा अर्थ.

उसवते म्हणजे काय होतं? महाद्वार रोडवरून संध्याकाळी चालत जा. रिक्षांचे हॉर्न, फेरीवाल्यांची ओरड, देवळातली घंटा, कुणाच्या तरी मोबाइलची रिंग. शंभर आवाजांतले नव्याण्णव मेंदू परस्पर टाकून देतो. मागून कुणी आपल्या नावानं हाक मारली की मात्र मान वळते. 'हे महत्त्वाचं, इकडं बघ' असा शिक्का मारण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. स्किझोफ्रेनियाच्या तीव्र अवस्थेत मेंदूच्या आतल्या एका भागात डोपामिन जास्त तयार होतं आणि शिक्के वाटेल तिथं पडायला लागतात. शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये ही मांडणी नीट करून दाखवली. दादा रंकाळ्याच्या कठड्यावर बसून गाड्यांच्या पाट्या वाचायचा. एमएच ०९च्या पुढचे चार आकडे आपल्यासाठीच आहेत, असं त्याला वाटायचं. प्रत्येक पाटीवर तो शिक्का पडत होता. मग एवढ्या पाट्या आपल्याशीच का बोलतात, याचं काहीतरी उत्तर हवं ना? ते उत्तर म्हणजे भ्रम. तर्क त्याचा धड होता, त्याला माल खोटा मिळत होता.

यावरून एक गोष्ट कळते, जी कळायला मला फार वर्षं लागली. गोळ्या डोपामिनचं काम आवरतात, म्हणजे नवे शिक्के थांबतात. आधी रचलेली गोष्ट मात्र लगेच पुसली जात नाही. औषध सुरू होऊन दोन महिने झाले तरी शेजारचा 'हेर' हेरच राहतो, फक्त त्याच्याबद्दल बोलण्यात पूर्वीची धग उरत नाही. घरच्यांना वाटतं, औषध लागू पडत नाही. ते लागू पडलेलं असतं.

आवाजांचंही असंच. आपण मनातल्या मनात सारखे बोलत असतो. ते बोलणं आपलंच आहे, अशी आगाऊ वर्दी मेंदू स्वतःला देतो. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, त्यामागे हेच. हात हलवण्याचा हुकूम सोडतानाच मेंदू पुढं कळवतो, की आता येईल तो स्पर्श आपलाच, दुर्लक्ष कर. लंडनच्या संशोधकांनी २००० मध्ये आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांवर हा गुदगुल्यांचा प्रयोग केला. त्यांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच गुदगुल्यांचा वाटला. वर्दी पोचत नव्हती. स्वतःचाच विचार असा बिनवर्दीचा आला की तो बाहेरून आल्यासारखा ऐकू येत असावा. दादा एकदा मला म्हणाला होता, "माझ्या कानात बोलाय लागलेत त्ये तुला ऐकू येत न्हाई व्हय?" मी नाही म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा भीती नव्हती, माझी कीव होती.

घरातली भांडणं मात्र आवाजांवरून होत नाहीत. ती होतात अंघोळीवरून, दुपारी बारापर्यंत लोळण्यावरून, जेवलेलं ताट तिथंच ठेवण्यावरून. इच्छा आटणं, बोलणं तुटक होणं, चेहरा कोरा पडणं ही त्याच आजाराची दुसरी बाजू. सध्याच्या औषधांचा तिच्यावर फारसा इलाज नाही. आवाजांना आपण आजार म्हणतो आणि लोळण्याला आळस. आई गेल्यानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत मी त्याला रोज सकाळी उठवायचो, वाढत्या आवाजात. तो पांघरूण ओढून घेत म्हणायचा, "मला शिकवाय लागलास व्हय?" खरंच होतं. धाकट्यानं थोरल्याला अंघोळ कर म्हणून सांगायचं, याची रीत आपल्याकडे नाहीच. पाचव्या महिन्यात तो पुन्हा पाट्या वाचायला लागला आणि दवाखान्यात ठेवावा लागला.

तेव्हा मला लंडनचा एक जुना अभ्यास वाचायला मिळाला. १९५०च्या दशकात जॉर्ज ब्राऊन नावाचे समाजशास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नाच्या मागे होते. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं प्रभावी औषध १९५२ मध्ये वापरात आलं होतं, वर्षानुवर्षं कोंडलेले रुग्ण घरी जाऊ लागले होते. त्यातले काही बाहेर टिकायचे, काही परत यायचे. असं का? ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांतून सुटलेल्या २०० हून अधिक पुरुषांचा माग काढला आणि १९५८ मध्ये निष्कर्ष छापला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले जास्त प्रमाणात बिघडले. लॉजवर राहायला गेलेले किंवा भावाबहिणीकडे राहिलेले जास्त टिकले.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. आई त्याला वयाच्या चाळिशीतही घास भरवायची. त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी झोपायची. किती वर्षं जोतिबाच्या यात्रेलासुद्धा गेली नाही. आणि अभ्यास म्हणतो, लॉज बरा?

ब्राऊन इथं थांबले नाहीत. घरच्यांशी तासन्‌तास बोलून त्यांनी आणि पुढच्या संशोधकांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: टोमणे आणि टीका, उघड तिरस्कार, आणि अति गुंतणं. तिसरीत आई अचूक बसते. काय बोललं याच्याबरोबर कुठल्या सुरात बोललं, हेही मोजलं जातं. या सगळ्याला इंग्रजीत 'एक्स्प्रेस्ड इमोशन' म्हणतात. मराठीत घरातली भावनांची आच म्हणू. १९९८ मध्ये अशा २७ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा जास्त आच असलेल्या घरांत ६५ टक्के रुग्णांचा आजार उलटला, कमी आच असलेल्या घरांत ३५ टक्के. समोरासमोर किती वेळ जातो, यालाही महत्त्व निघालं. अभ्यासक आठवड्याला ३५ तासांची रेघ धरतात.

टीका कशावर होते, हेही पाहिलं गेलंय. तिचा मोठा भाग आवाज-भ्रमांवर नसतो, लोळण्यावर, अंघोळीवर असतो. म्हणजे माझ्या सकाळच्या आरडाओरड्यावर.

भारतात काय? चंदीगडमध्ये डॉ. नरेंद्र विग आणि लंडनचे ज्युलियन लेफ यांनी हेच मोजलं आणि १९८७ मध्ये छापलं. तिथले नातेवाईक लंडनकरांपेक्षा टीका कमी करत होते, कमी गुंतत होते. कौतुकही कमी करत होते. त्यातही खेड्यातल्या घरांत आच शहरातल्यापेक्षा कमी. हे वाचून मला कागल तालुक्यातलं आमचं आजोळ आठवलं. तिथं दादा महिनाभर राहिला की निवळायचा. मामा त्याला काही विचारायचेच नाहीत. म्हशीला पाणी दाखव म्हणायचे आणि निघून जायचे. आम्ही ते हवापालट समजत होतो.

इथं एक खबरदारी. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही मनोविश्लेषकांनी आजाराचं खापर थेट आईच्या वागण्यावर फोडलं होतं आणि दोन पिढ्यांतल्या आया त्यात होरपळल्या. आच आजार निर्माण करत नाही. शिवाय ती दोन्हीकडून वाढते. आजार जितका चिवट, तितकं घर कातावतं. दम्याच्या माणसाला धूर बाधतो, म्हणून दमा चुलीनं दिला असं होत नाही.

आजाराच्या मुळाशी बराचसा वाटा जनुकांचा आहे, आणि एका जनुकाचा नाही, शेकडो ठिकाणच्या बारीक फरकांचा. बायकोनं एका रात्री विचारलंच, "आपल्या पोरीला?" सर्वसाधारण माणसात आयुष्यभराचा धोका शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या भावंडाला शंभरात नऊ-दहा. भाच्या-पुतण्यांना तीन-चार. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आतच राहते. माझं धोक्याचं वय कधीच सरलं. वीस-बावीसचा असताना मात्र मी रात्री जागून स्वतःच्या मनातला आवाज माझाच आहे ना, याची तपासणी करायचो. भावंडं ही गोष्ट कुणाला सांगत नाहीत.

आता औषधाकडे येतो, कारण रविवारी संध्याकाळी सात खणांचा डबा मीच भरतो. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊन उपयोग झाला नाही, की क्लोझापिनचा विचार होतो. दादाला तेच चालू आहे. या औषधाची कहाणी विचित्र आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणारे काही रुग्ण पांढऱ्या पेशी एकाएकी घटून दगावले आणि औषध जवळजवळ गुंडाळलंच गेलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनं ते परत आणलं. इतर कशालाही दाद न देणाऱ्यांपैकी ३० टक्के त्यावर सुधारले, जुन्या औषधावर फक्त ४ टक्के. पांढऱ्या पेशी घटण्याची भीती असते म्हणून रक्ताची तपासणी सोडायची नाही: सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला, पुढं सहसा महिन्याला. रात्री लाळ इतकी गळते की सकाळी उशी भिजलेली असते. उशीवर जुना टॉवेल टाकतो. त्याहून गंभीर गोष्ट बद्धकोष्ठाची. हसू नका, त्यानं माणसं दगावलीत. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर डॉक्टरांना फोन जातो.

आणि विडी. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोरात चालायला लागतं आणि क्लोझापिन भराभर मोडून टाकतं. ओढणाऱ्याला म्हणून जास्त मात्रा लागते. त्यानं एकदम विडी सोडली, तर तीच मात्रा आठवड्याभरात अंगावर येते: गुंगी, तोल जाणं, झटकेसुद्धा. हा गुण धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे, त्यामुळे तंबाखूचा बार लावणाऱ्यात हे होत नाही. म्हणून बार लावा असं मी म्हणत नाहीये. पण विडी सोडवायची असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळ्या नकोत म्हणणं हा हट्ट असतोच असं नाही. अर्धांगवायूच्या काही रुग्णांना आपला हात लुळा पडलाय हेच कळत नाही. बाबिन्स्की या डॉक्टरांनी १९१४ मध्ये त्याला नाव दिलं होतं. स्किझोफ्रेनियातही बऱ्याच जणांना आपण आजारी आहोत हे जाणवत नाही. तिथं वाद घालणं फुकट. मी आता 'तू आजारी आहेस' म्हणत नाही, 'झोप लागते ना यानं' म्हणतो. ते त्याला पटतं, कारण खरं आहे. औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात २७ टक्के जणांचा आजार उलटतो, थांबवलेल्यांत ६४ टक्के. २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून काढलेला आकडा आहे. रोजच्या गोळीची कटकट नको असेल तर काही औषधं दोन-चार आठवड्यांच्या इंजेक्शनातही मिळतात.

कागदांचं थोडक्यात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. माणूस बरा असताना साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवू शकतो. दादानं माझं नाव लिहिलंय, सही इंग्रजीत, कॉलेजातल्यासारखी फर्राटेदार. उद्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यायची वेळ आली, तर त्याच्या वतीनं बोलायचा माझा हक्क त्या कागदावर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर प्रमाणपत्र मिळतं. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं असं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे. सांभाळणाऱ्यानंही तो लावायला हरकत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या बायकांच्या हातावर छोटीशी जखम करून पाहिलं होतं. ती भरायला त्यांना इतरांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले.

दवाखान्यातून आणल्यावर मी तासांचा हिशेब मांडला. मी आणि बायको मिळून आम्ही त्याच्यासमोर आठवड्याला ५० तास होतो, त्यातले कितीतरी त्याला काहीतरी सांगण्यात. आता सकाळी उठवत नाही. अंघोळीचं पाणी तापलं की एकदा सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. आठवड्यातून तीनदा होते. आईच्या राज्यातही तेवढीच व्हायची, रडारड करून. आई व्हायचा माझा प्रयत्न चुकला होता. मामांसारखं वागणं मला जमतं.

फेब्रुवारीपासून तो गल्लीच्या टोकाला चटणी कुटण्याच्या गिरणीत दोन तास बसतो. बायका मिरच्या घेऊन येतात, तो देठं काढतो. बोलायला लागत नाही, कुणी बोलतही नाही. मालकाला दादाचं सगळं ठाऊक आहे. दिवसाचे पन्नास रुपये देतो, दादा त्याच्या विड्या आणतो. असो.

परवा एका बाईच्या पाच किलो मिरच्या तुंबल्या होत्या, म्हणून मीही बसलो. घरी आल्यावर हातांची आग आग. नळाखाली हात धरून पाच मिनिटं उभा होतो, काही फरक नाही. मागून दादाचा आवाज आला.

"पाण्यानं जात न्हाई त्ये. तेल लाव आदी."

आणि कपाटातली खोबरेल तेलाची बाटली काढून, टोपण उघडून, त्यानं माझ्यापुढं धरली.