घाबरल्यावर श्वास आणि हृदय: ब्रेनस्टेमचं काम

धोका दिसला की प्राणी थिजतो, पळतो नाहीतर उलटून अंगावर जातो, आणि यातलं काहीही करायचं तरी श्वास आणि हृदय त्याच क्षणी त्याच्याशी जुळावं लागतं. ही जुळवाजुळव ब्रेनस्टेम करतो, म्हणजे मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा देठ. यात वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला असे तीन भाग येतात.

घाबरलं की छाती धडधडते एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली 'लढा किंवा पळा' ही कल्पना मांडली तेव्हापासून सगळा भर त्यावरच राहिला आणि थिजणं मागे पडलं. रात्री सगळं शांत असताना शेजारच्या खोलीत काहीतरी पडलं तर आपण लगेच पळत नाही, मान जागच्या जागी, श्वास अर्ध्यावर अडकलेला आणि कान तिकडे. या काही क्षणांत हृदयाचे ठोके बऱ्याचदा चक्क कमी होतात, धडधड सुरू होते ती नंतर.

हे ठरतं मिडब्रेनमधल्या पीएजी (पेरिॲक्वेडक्टल ग्रे) नावाच्या भागात. मधून द्रव वाहणारी एक बारीक नळी जाते, तिच्याभोवती हा करडा भाग गुंडाळल्यासारखा असतो. मोठ्या मेंदूतला भीती ओळखणारा अमिग्डाला आणि शरीराचा समतोल सांभाळणारा हायपोथॅलॅमस यांच्याकडून धोक्याची खबर इथे येते. याच्या वरच्या आणि बाजूच्या पट्ट्यांना प्रयोगात चेतवलं तर प्राणी पळायला बघतो, बीपी चढतं, नाडी आणि श्वास दोन्ही वाढतात. खालच्या बाजूची पट्टी चेतवली तर प्राणी गप्प होतो, नाडी उतरते. म्हणजे स्नायूंनी काय करायचं आणि हृदयाने काय करायचं हा हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतो, आधी पळणं आणि मग त्यामुळे धडधड असं ते नाही.

आता ठोके बदलतात कसे. हृदयाला त्याच्या लयीवर सोडलं तर तरुण माणसात ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल, पण आराम करताना ६० ते ८० पडतात कारण ब्रेनस्टेममधून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्हचा ब्रेक सतत लागलेला असतो. हा ब्रेक धरणाऱ्या बऱ्याचशा पेशी मेड्युलातल्या न्यूक्लियस ॲम्बिग्युअस या भागात असतात. धोक्यात पहिली वाढ हवी असेल तर ब्रेक सोडला की झालं, परिणाम पुढच्या एकदोन ठोक्यांतच दिसतो, हृदयाला वेग देणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्हचा जोर चढायला मात्र काही सेकंद जातात. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेऊन बघा, आत घेताना नाडी जराशी पळते आणि सोडताना रेंगाळते, कारण श्वास आत घेताना याच ब्रेकच्या पेशी दबतात.

एक अडचण उरते. एरवी बीपी वाढलं की मानेतल्या धमनीच्या भिंती ताणल्या जातात, मेड्युलाला कळतं आणि तो ठोके कमी करतो. पळताना हे झालं तर घात होईल, म्हणून पीएजी आणि हायपोथॅलॅमस हा रिफ्लेक्स तेवढ्यापुरता दाबतात किंवा वरच्या पातळीवर नेऊन ठेवतात, मग बीपी आणि नाडी दोन्ही एकदम चढलेली राहू शकतात. थिजण्यात तर त्याहून नवल, सिम्पथेटिकचा ॲक्सिलरेटर दाबलेला असतो आणि वरून व्हेगसचा ब्रेकही, त्यामुळे बाहेरून निपचित दिसणारा प्राणी आतून तयार असतो आणि ब्रेक सुटला की उसळतो. कुणी धोक्यात थिजलं तर तो भित्रेपणा नाही, हा हुकूम मनाला विचारून सुटत नाही.

श्वासाची लय मेड्युलातल्या प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स या छोट्याशा पुंजक्यातून निघते. तो १९९१ मध्ये ओळखला गेला, आणि शेजारच्या ज्या भागावरून त्याला हे नाव मिळालं त्याचं नाव एका जर्मन वाइनवरून ठेवलेलं आहे. पीएजी इथला वेग बदलतो, पण खबर उलट दिशेनेही जाते. २०१७ साली उंदरांवर झालेल्या कामात असं दिसलं की या पुंजक्यातल्या काही मोजक्या पेशी श्वासाची बातमी पॉन्समधल्या लोकस सेरुलियसला देतात, जो सगळ्या मेंदूला सावध ठेवतो. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदरांचा श्वास चालूच राहिला पण ते विलक्षण शांत झाले, नव्या जागी ठेवलं तरी हुंगत फिरण्याऐवजी बसून अंग साफ करत राहिले.