क्वेकरांची शांत सभा आणि तिच्यामागचा झगडा

क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ. इंग्लंडमधल्या त्यांच्या जुन्या सभागृहात वेदी नसते, क्रूस नसतो, पुरोहितही नसतो. बाकं समोरासमोर मांडलेली असतात. लोक येऊन बसतात आणि तासभर गप्प राहतात. आतून अगदी राहवलं नाही तर कोणीही, बाई असो वा पुरुष, उठून चार वाक्यं बोलतं आणि पुन्हा बसतं. शेवटी दोन ज्येष्ठ सदस्य हस्तांदोलन करतात, की सभा संपली. (सगळे क्वेकर अशी उपासना करत नाहीत. सर्वाधिक क्वेकर आज केनियात आहेत आणि तिथे गाणी, प्रवचन, पाद्री सगळं असतं.)

असं नुसतं बसण्यापायी सतराव्या शतकात हजारो माणसं तुरुंगात गेली.

पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा, चांभारकाम शिकलेला. ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या आत आहे, मग मधे पाद्री कशाला, हा त्याचा प्रश्न. 1652 मध्ये उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात त्याला शेकडोंनी अनुयायी मिळाले आणि मार्गारेट फेल यांचं स्वार्थमूर हॉल हे घर या मंडळींचा आधार बनलं. ते शपथ घेत नसत, चर्चचा कर भरत नसत आणि न्यायाधीशासमोरही टोपी काढत नसत. यादवी युद्धातून नुकत्याच सावरलेल्या राजसत्तेला हे बंडच वाटलं. 1662 आणि 1664 च्या कायद्यांनी अशा सभा गुन्हा ठरल्या.

बंदी आलेले इतर काही पंथ लपूनछपून जमत. क्वेकर ठरल्या वेळी, ठरल्या जागी, दार उघडं ठेवून बसत. माझ्या मते त्यांचं खरं वेगळेपण इथे आहे. 1682 मध्ये ब्रिस्टलमध्ये मोठी माणसं तुरुंगात गेली, तेव्हा मुलांनी सभा चालू ठेवल्या. मार खाल्ला, तरी ती येत राहिली.

14 ऑगस्ट 1670 रोजी लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या सभागृहाला शिपायांनी कुलूप घातलं, तेव्हा तरुण क्वेकर विल्यम पेन रस्त्यावरच बोलायला उभा राहिला. त्याला आणि विल्यम मीडला पकडून ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टात उभं केलं. दोघं बोडक्याने आले होते. कोर्टाने त्यांच्या डोक्यावर टोपी घालायला लावली आणि मग ती काढली नाही म्हणून दंड ठोकला! दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा नागरिकांच्या ज्युरीने सांगितलं, पेन रस्त्यावर बोलला, एवढंच सिद्ध होतं. न्यायाधीश भडकले. त्या बारा जणांना अन्नपाणी आणि शेकोटीविना कोंडून ठेवलं, तरी ‘दोषी’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी त्यांनी दोघांनाही निर्दोष ठरवलं आणि त्याबद्दल स्वतःच दंड व कैद ओढवून घेतली. त्यांच्यातला एडवर्ड बुशेल वरच्या कोर्टात गेला. दिलेल्या निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही, असा निर्णय मुख्य न्यायाधीश वॉन यांनी दिला. ज्युरी स्वतंत्र असते, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. 1689 च्या सहिष्णुता कायद्यानंतर क्वेकरांना उघडपणे उपासना करता येऊ लागली.

त्यांच्या कामकाजाच्या सभाही याच शांततेत चालतात. मतदान होत नाही. लिपिक सभेचा कल ओळखून ठराव तिथेच लिहितो, वाचून दाखवतो आणि सगळ्यांना पटला तरच तो नोंदतो. ही पद्धत मला मोलाची वाटते, पण तिची किंमत इतरांनी मोजलेली आहे. पेनने अमेरिकेत वसवलेल्या पेनसिल्व्हेनियात, जर्मनटाऊनच्या चौघांनी 1688 मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. तो एका सभेकडून दुसरीकडे गेला आणि बाजूला पडला. जॉन वूलमन गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या दारी जाऊन वर्षानुवर्षं समजावत राहिला. गुलाम ठेवणाऱ्याला सदस्य राहता येणार नाही, असं फिलाडेल्फियाच्या सभेने ठरवलं ते 1776 मध्ये. मधली 88 वर्षं गुलामांनी सोसली.

भारतात रेचल मेटकाफ 1866 मध्ये आल्या; पुढे होशंगाबाद परिसरात क्वेकरांचं काम रुजलं. आगाथा हॅरिसन आणि होरेस अलेक्झांडर यांनी गांधीजी आणि ब्रिटिश सरकार यांच्यात संवाद टिकवायची धडपड केली. मार्जोरी साइक्स वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिल्या आणि गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीसाठी शिक्षक घडवत राहिल्या.