‘आजारी किंवा अशक्त’: कैद्यांच्या उपचारांच्या खटल्यांमागची पार्श्वभूमी

तुरुंगातल्या उपचारांचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयात येतो तो बहुधा जामीन अर्ज होऊन. मुळात 1894 च्या तुरुंग कायद्यातच प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजारी कैद्यांसाठी योग्य जागा असावी, असं कलम आहे. मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी कैद्याची साथ सोडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये सांगितलं. 1996 मध्ये त्याच न्यायालयानं तुरुंगांपुढचे नऊ प्रश्न मोजले. आरोग्य आणि स्वच्छतेची हेळसांड हा त्यातला एक.

गुंता आहे तो जामिनाच्या कलमातल्या तीन शब्दांचा. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यातही ‘आजारी किंवा अशक्त’ व्यक्तीला जामीन देता येतो, असं जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 437 मध्ये होतं; नव्या संहितेत ते 480 मध्ये आहे. पीएमएलएच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 45 मध्येही हे शब्द आहेत. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या जामीन कलमात मात्र नाहीत. ज्या कायद्याखाली माणूस खटला उभा न राहता वर्षानुवर्षं आत राहतो, तिथंच आजाऱ्यासाठी वाट ठेवलेली नाही. आणि जिथं शब्द आहेत, तिथं किती आजारी म्हणजे आजारी, हे कायदा सांगत नाही. ‘हे उपचार तुरुंगात किंवा सरकारी रुग्णालयात होऊ शकतात’ एवढ्यावर अर्ज फेटाळले जातात. कागदावर होऊ शकणारे उपचार त्या कैद्याला खरोखर मिळाले का, हा प्रश्न मागे पडतो. बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो. तो आला नाही, की डॉक्टरांनी दिलेली तारीख गेली. मूत्रपिंडाच्या आजारासाठी एका माजी मंत्र्यानं मागितलेला जामीन जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयानं नाकारला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांसाठी दिला.

महाराष्ट्रात हा वाद पेटला तो नवी मुंबईतल्या तळोजा तुरुंगावरून. एल्गार परिषद खटल्यात यूएपीएखाली ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झालेल्या 83 वर्षांच्या पाद्री स्टॅन स्वामींना कंपवात (पार्किन्सन) होता. हात थरथरत, पेला धरवत नसे. त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तर तपास यंत्रणेनं उत्तर द्यायलाच 20 दिवसांची मुदत घेतली. 5 जुलै 2021 रोजी मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा जामीन अर्ज प्रलंबितच होता. बातमी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला सुनावणीतच कळवली गेली.

त्याच खटल्यातल्या, वयाची ऐंशी गाठलेल्या तेलुगू कवी वरवरा राव यांना 22 फेब्रुवारी 2021 रोजी सहा महिन्यांचा जामीन मिळाला होता. यूएपीएत सवलत नसली तरी जगण्याच्या हक्कासाठी घटनात्मक न्यायालय (उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय) हस्तक्षेप करू शकतं, हा त्यामागचा आधार. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच. एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना कायमचा जामीन नाकारला, पण तळोजासह राज्यभरातल्या तुरुंगांतल्या वैद्यकीय सोयींचा अहवालही मागवला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना वैद्यकीय कारणावरून जामीन दिला. सुटका एकाची झाली. बराकींतल्या बाकीच्यांचा प्रश्न त्या अहवालाच्या मागणीपाशी आहे.