पी-रॅम

‘पॅरलल रँडम ॲक्सेस मशीन’ या नावाचे लघुरूप. समांतर अल्गोरिदम, म्हणजे अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी काम करण्याच्या रीती, मांडायला आणि तपासायला वापरले जाणारे हे कागदावरचे यंत्र. यात हवे तितके प्रोसेसर असतात, सगळ्यांत मिळून एकच मेमरी असते आणि सगळे एकाच ठोक्यावर चालतात. दर ठोक्याला प्रत्येक प्रोसेसर मेमरीच्या कुठल्याही कप्प्यातून वाचतो, एखादी बेरीज किंवा तुलना करतो आणि कुठल्याही कप्प्यात लिहितो. कप्पा जवळ असो की लांब, वेळ तेवढाच. स्टीव्हन फॉर्च्यून आणि जेम्स वायली यांनी हे मॉडेल १९७८ साली मांडले.

खरा प्रश्न उरतो तो एकाच कप्प्यात दोघांनी हात घातला तर काय, हा. पी-रॅमचे पोटप्रकार याच प्रश्नाच्या उत्तरावरून पडले आहेत. ईआरईडब्ल्यू (‘एक्स्क्लुझिव्ह रीड, एक्स्क्लुझिव्ह राइट’) प्रकारात एका ठोक्याला एका कप्प्यापाशी एकच प्रोसेसर चालतो, मग वाचायचे असो वा लिहायचे. सीआरईडब्ल्यूमध्ये (‘कन्करंट रीड, एक्स्क्लुझिव्ह राइट’) वाचायला कितीही जणांना मुभा, लिहायला मात्र एकालाच. सीआरसीडब्ल्यूमध्ये (‘कन्करंट रीड, कन्करंट राइट’) लिहिण्याचीही गर्दी चालते. पण मग गर्दीत टिकणार कोणाचे, हे ठरवावे लागते. सगळ्यांनी एकच मजकूर लिहिला पाहिजे, किंवा कोणाचाही एकाचा टिकेल, किंवा सर्वांत लहान क्रमांकाच्या प्रोसेसरचा टिकेल, असे तीन नियम रूढ आहेत.

ही नियमांची घासाघीस फुकटची वाटते, पण तिने वेळ बदलतो. ७, १२, ५, ९ या चार संख्यांतली सर्वांत मोठी शोधायची आहे असे धरू. सीआरसीडब्ल्यूवर प्रत्येक जोडीमागे एक प्रोसेसर बसवायचा. जी संख्या लहान ठरेल तिच्या नावापुढे त्याने ‘हरली’ असे लिहायचे. ५ च्या कप्प्यात एकाच वेळी तिघे लिहितील, पण तिघेही तेच लिहितात, म्हणून तंटा नाही. ज्या नावापुढे काहीच लिहिले गेले नाही ती १२. संख्या चार असोत की हजार, ठोके मोजकेच. मात्र हजार संख्यांना अशा जवळजवळ पाच लाख जोड्या लागतात, आणि तेच काम एकटा प्रोसेसर ९९९ तुलनांत उरकतो! ईआरईडब्ल्यूवर कुस्तीच्या दंगलीसारखी बाद फेरी लावावी लागते: हजार संख्यांना दहा फेऱ्या, पण एकूण तुलना ९९९च.

म्हणून समांतर अल्गोरिदमचे दोन हिशेब ठेवतात. सगळ्यांनी मिळून केलेल्या क्रिया म्हणजे ‘काम’ आणि एकामागून एकच करता येतील अशा पायऱ्या म्हणजे ‘खोली’. रिचर्ड ब्रेंट यांच्या १९७४ च्या प्रमेयानुसार प्रोसेसर मर्यादित असले, तर लागणारा वेळ कामाला प्रोसेसरसंख्येने भागून त्यात खोली मिळवल्यावर येणाऱ्या आकड्यापलीकडे जात नाही. वरची बाद फेरी वीस प्रोसेसरांवर साठ ठोक्यांच्या आत आटोपते.

पी-रॅमवरची सर्वांत देखणी युक्ती मला वाटते ती ‘पॉइंटर जंपिंग’. रांगेत आठ जण आहेत, प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत आहे. शेवट किती दूर आहे हे प्रत्येकाने शोधायचे. दर फेरीला प्रत्येकाने पुढच्याचे अंतर आपल्या अंतरात मिळवायचे आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याच्याकडे आपणही बोट दाखवायचे. एकेक उडी दोनाची, मग चाराची, मग आठाची होते. तीन फेऱ्यांत सगळ्यांना उत्तर मिळते. एकट्याने चालत जाण्याशिवाय गत्यंतर नाही असे वाटणारे काम असे फुटते.

सगळीच कामे फुटतात का, हे मात्र अनुत्तरित आहे. वाजवी संख्येच्या प्रोसेसरांवर अतिशय झटपट सुटणाऱ्या प्रश्नांच्या वर्गाला निक पिपेंजर यांच्यावरून स्टीफन कुक यांनी ‘एनसी’, म्हणजे ‘निकचा वर्ग’, असे नाव दिले. एकट्या प्रोसेसरला वाजवी वेळात सुटणारे सगळे प्रश्न त्यात बसतात की नाही, याची सिद्धता अजून कोणाकडे नाही.

मॉडेलवरचा जुना आक्षेप खरा आहे: प्रत्यक्षात लांबची मेमरी महाग पडते आणि सगळे प्रोसेसर एका ठोक्यावर चालत नाहीत. लेस्ली व्हॅलियंट यांनी १९९० मध्ये बीएसपी (‘बल्क सिंक्रोनस पॅरलल’) मॉडेल मांडले, त्यात निरोपांची देवाणघेवाण आणि सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबणे यांची किंमत धरली जाते. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा ‘परम ८०००’ हा महासंगणक नावाने पी-रॅमचा भाऊ वाटतो, पण त्याच्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांपाशी ज्याची त्याची मेमरी होती आणि ते एकमेकांना निरोप धाडत. उलट, मेरीलँड विद्यापीठात उझी विश्किन यांच्या गटाने २००७ मध्ये पी-रॅमच्या विचारावर बेतलेले ६४ प्रोसेसरांचे नमुनायंत्र चालवून दाखवले. त्यात एका ठोक्याची अट सोडून दिलेली होती: प्रत्येक धागा (‘थ्रेड’, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र तुकडा) आपल्या गतीने पळतो आणि पुढच्या टप्प्याआधी सगळे एकमेकांसाठी थांबतात.